पत्ता तोच ठेवा



सध्या माझे बरेचसे वीकांत सोलापुरात चालले आहेत. तिथल्या एका छोट्या वाचनालयाचं संकेतस्थळ जुमलावरून वर्डप्रेसवर न्यायचं काम अंगावर घेतलंय. (मानधन: चहा आणि शेंगाचटणी. गावचं काम आहे, चालायचंच. :)) अशा कामात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठली 'आशय व्यवस्थापन प्रणाली' चांगली? म्हणजे सीएमएस हो. हा प्रतिशब्द वाचून होईपर्यंत पान लोड होऊन जातं, म्हणून पुढे आपण सरळ सीएमएसच म्हणू.

वर्डप्रेस की जुमला की ड्रुपल, यावर लोक तासन् तास भांडू शकतात. ऑफिसात मीही भांडलोय. पण माझं मत स्पष्ट सांगतो: हा त्या कामातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे.

कारण सीएमएस येतात आणि जातात. वर्डप्रेस २००३ मध्ये बीटू नावाच्या एका जुन्या प्रणालीतून फुटून निघालं. जुमला २००५ मध्ये माम्बोतून फुटलं. (त्याचं नाव स्वाहिलीतलं, पण मूळ अरबी. आपल्या 'एकूण जुमला' मधला जुमला तोच!) ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. चौदा वर्षं. सॉफ्टवेअरच्या मानाने हे दीर्घायुष्यच, पण आमच्या घरातली सोलापुरी चादर याहून जास्त टिकली आहे. थोडक्यात काय, आज जे निवडाल ते दहा-पंधरा वर्षांत परत बदलायचंच आहे. बदलण्याला माझा विरोध नाही. जुनी प्रणाली तशीच चालू ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. सोलापूर जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळही एनआयसीच्या 'एस३वास' या सामायिक व्यवस्थेवर आहे. देशातल्या असंख्य सरकारी संकेतस्थळांची सुरक्षा एकाच ठिकाणी सांभाळली जाते, हे चांगलंच आहे.

मग महत्त्वाचं काय? वाचकाच्या हातात काय असतं ते बघा. त्याला सीएमएसचं नावही माहीत नसतं. त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात: पानाचा पत्ता आणि पानावरची अक्षरं. या दोन गोष्टी त्याच्या, बाकी सगळं आपलं.

आधी पत्त्याचं बघू. सोलापुरात स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला 'जुनी मिल' म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो. १८७० च्या दशकातली ती गिरणी बंद पडून कित्येक दशकं झाली. भोंगा नाही, सूत नाही, कामगार नाहीत. पण पत्ता चालू आहे. सात रस्त्यावर किती रस्ते मिळतात हे मोजत कोणी बसत नाही. जागेवरचं सगळं बदललं तरी नाव माणसाला तिथे पोचवतं, एवढंच नावाचं काम.

वेबमध्ये या रिक्षावाल्याला ३०१ म्हणतात. जुन्या पत्त्यावर कोणी आलं की सर्व्हर सांगतो, 'हे पान कायमचं तिकडे हललंय', आणि ब्राउझर गुपचूप तिकडे जातो. यासाठी जुन्या-नव्या पत्त्यांची एक यादी लागते. बस्स. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच यावर टिपण लिहिलं होतं. त्याचा सारांश असा, की पत्ते बदलायला खरं तांत्रिक कारण जवळजवळ कधीच नसतं, ते आपल्या निष्काळजीपणाने बदलतात.

मोठं उदाहरण आपल्या मराठी विश्वकोशाचं. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली काम सुरू झालं, १९७६ मध्ये पहिला खंड आला. पुढे खंड जालावर आले. मराठी विकिपीडियावरच्या लेखांचे संदर्भ उघडून बघा. विश्वकोशाच्या पत्त्यांच्या वेगवेगळ्या पिढ्या तिथे एकत्र नांदताना दिसतील. जुन्या पत्त्यांत 'कॉम-कंटेंट' हा जुमलाचा शिक्का आहे. नव्या पत्त्यात फक्त एक आकडा आहे. आकडा मला फार आवडला. उद्या सीएमएस कुठलाही येवो, आकडा तसाच नेता येतो. जुन्या पत्त्यात मात्र सीएमएसचं आडनाव चिकटलेलं होतं.

आणखी एक उदाहरण सोलापूरचंच. विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं आणि २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. फलक बदलले, लेटरहेड बदलली, पण 'एस-यू-एस डॉट एसी डॉट इन' हा पत्ता नावाबरोबर बदलला नाही. असंच हवं.

मराठीत या आकड्याला आणखी एक कारण आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्यासाठी २०० चिन्हांची जागा ठेवतं. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह (काना-मात्रासुद्धा) सांकेतिक रूपात नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं! 'सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या आठवणी: भाग पहिला' हे शीर्षक 'सोलापूरच्या-गिरणी-कामगार' इथेच कापलं जातं. भाग दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तिथेच कापले जातात आणि मागे फक्त दोन, तीन, चार लागत जातं. उद्या भाग कोणता हे पत्त्यावरून ओळखायचं कसं?

आता अक्षरं. जुना डेटाबेस चुकीच्या संकेतनात उघडला की मराठीच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग लागते. ते निदान लगेच दिसतं तरी. भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. बऱ्याच जुन्या मराठी मजकुरात 'य' ला डावीकडून चिकटणारा अर्धा र लिहायला एक अदृश्य जोडचिन्ह वापरलेलं असतं. सफाई करणारी एखादी स्क्रिप्ट 'हे काय कचरा' म्हणून ते काढून टाकते. झालं! डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांना एका झटक्यात आचार्यांचा मान मिळतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. परभाषक प्रोग्रामरला हे कळणं शक्यच नाही. आपल्यालाच बघावं लागतं.

वाचनालयाच्या बैठकीत एका एजन्सीचा माणूस म्हणाला, "सर, नवीन साइट, नवीन सुरुवात. जुनं कोण बघतंय?" मी सर्व्हरचा लॉग उघडून दाखवला. लोक मुखपृष्ठावरून येतच नव्हते, थेट आतल्या जुन्या पानांवर उतरत होते. त्या पानांवर गिरणीतल्या आणि मागावरच्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. त्यातली बरीचशी घरं तेलुगू बोलणारी, पूर्व भागातली. त्यांची नावं महाजालावर दुसरीकडे कुठेही नाहीत. कोणाच्या प्रबंधाच्या शेवटी तो पत्ता छापलेला आहे, कोणी परदेशातल्या नातवाला पाठवलेला आहे. छापलेला पत्ता आपण दुरुस्त करू शकत नाही. तो मेला की त्या माणसाचं महाजालावरचं नावच पुसलं जातं, आणि तक्रार करायला तो बहुधा हयात नसतो.

सगळंच जपा असंही नाही म्हणत. २००९ च्या वार्षिक सभेची सूचना कोणाला हवीय? ती खुशाल काढा. पण काढलीत तर तसं सांगा. त्यासाठी ४१० आहे: 'हे पान मुद्दाम काढलंय.' ४०४ म्हणजे नुसतं खांदे उडवणं.

यादी करणं कंटाळवाणं काम आहे, मान्य. त्याचा स्क्रीनशॉट काढून मिरवता येत नाही, नव्या थीमसारख्या टाळ्या मिळत नाहीत. आणि यादी चोख झाली तर काही झालंय हे कोणाला कळतही नाही. आपल्या धंद्यातली बरीचशी चांगली कामं अशीच असतात.

तेव्हा मित्रहो, एक विनंती. तुमच्या शाळेची, सोसायटीची, गावातल्या संस्थेची साइट 'नवीन करायची' म्हणून कोणी तुम्हाला बोलावलं (आयटीवाले म्हणजे बोलावणारच!), तर थीम आणि रंग बघायच्या आधी एवढंच विचारा: "जुन्या पत्त्यांची यादी कुठे आहे?" खोलीत शांतता पसरली, तर आधी ती यादी करायला घ्या. वर्डप्रेस की ड्रुपल हे चहा पिताना ठरवू.