दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

अमेरिका व चीन यांच्या स्पर्धेची चर्चा निघाली की प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजचा हवाला हटकून दिला जातो. अथेन्सचे वाढते सामर्थ्य आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे युद्धाचे खरे कारण होय, हे त्याचे निदान. ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी २०१७ साली ‘थ्युसिडिडीजचा सापळा’ ही संकल्पना ग्रंथरूपाने मांडली, आणि उगवती व प्रस्थापित सत्ता यांच्यात युद्ध अटळच, असा सोपा अर्थ अनेकांनी काढला. खुद्द अ‍ॅलिसन यांना तो अभिप्रेत नव्हता. मूळ इतिहासही त्यास दुजोरा देत नाही.

इ. स. पूर्व ४४६ च्या सुमारास उभय पक्षांनी तीस वर्षांचा तह केला होता व तंटे लवादाकडे सोपविण्याचे कलम त्यात होते. पुढे अथेन्सने स्पार्टाच्या गोटातील मेगारा या राज्याला आपला बाजार व साम्राज्यातील बंदरे बंद केली. ही बंदी उठवा, युद्ध टळेल, असे स्पार्टाने कळविले. पेरिक्लीज बधला नाही. अथेन्सने लवादाची तयारी दर्शविली. स्पार्टाने ती अव्हेरली. इ. स. पूर्व ४३१ मध्ये युद्ध पेटले, ते या दोन नकारांमुळे. नियतीला दोष देण्याचे कारण नाही.

या युद्धाचा ताळेबंदही उद्बोधक आहे. प्रारंभी अथेन्सच्या खजिन्यात ६,००० टॅलंट चांदी होती आणि अंकित मित्रांकडून वर्षाला सुमारे ६०० टॅलंट येत. तेही पुरेनात, तेव्हा इ. स. पूर्व ४२५ मध्ये खंडणीची आकारणी दुपटीहून अधिक करण्यात आली. इ. स. पूर्व ४०४ मध्ये स्पार्टा जिंकला खरा, पण इराणी पैशावर पोसलेल्या आरमाराच्या बळावर. अवघ्या दोन दशकांत आशिया मायनरमधील ग्रीक नगरे इराणच्या पदरात पडली, आणि इ. स. पूर्व ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने उरलेला हिशेब मिटविला.

अर्थात अण्वस्त्रांच्या युगाची तुलना ढाल-भाल्यांच्या युगाशी तंतोतंत होणार नाही. तथापि २०१८ मधील अमेरिका-चीन जकातयुद्ध आणि २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत संगणकीय चिपांच्या चीनमधील निर्यातीवर घातलेले निर्बंध पाहता मेगाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. याहून चिंताजनक बाब लवादाची. अमेरिकेने नियुक्त्या रोखून धरल्याने जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले.

लवाद नाकारल्यामुळेच आपणांवर आपत्ती ओढवल्या, असे स्पार्टन लोकांना पुढे वाटू लागले, ही नोंद थ्युसिडिडीजनेच केली आहे. त्याचा हवाला देणाऱ्या मुत्सद्द्यांनी तेवढे पान अवश्य वाचावे.