दोघांची सहल, दोघांचा हिशेब

आपल्या समाजात प्रवास होत नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. दीक्षाभूमी होते, सहा डिसेंबरला चैत्यभूमी होते, उन्हाळ्यात गावाकडची लग्ने होतात, मध्येच कोणाच्या पुण्यानुमोदनाला जावे लागते. पण हा सारा प्रवास कार्याचा आणि घोळक्याचा. नवरा-बायको दोघेच, केवळ फिरायला म्हणून, किती वेळा घराबाहेर पडले? पंचवीस वर्षे संसार झालेल्या जोडप्याला हा प्रश्न विचारून पाहा. नवरा हसतो आणि बायको गप्प बसते.

कारणे ठरलेली असतात. मुलांचे शिक्षण होऊ दे, घराचे हप्ते फिटू देत, मग बघू. हप्ते फिटतात तेव्हा गुडघे कुरकुरू लागलेले असतात. त्यातून परदेशाचे नाव निघाले की वर्तमानपत्रातील सहल कंपनीची जाहिरात डोळ्यापुढे येते, त्यातला आकडा वाचून आपण पान उलटतो. "ही मोठ्या लोकांची कामे," असे म्हणून विषय संपतो.

माझी पत्नी सातवीपर्यंत शिकलेली, घरी शिवणकाम करते. मी कारकून. आम्ही दोघे २०२३ च्या मार्चमध्ये नेपाळला आणि २०२५ च्या जानेवारीत श्रीलंकेला जाऊन आलो. कंपनी नाही, मार्गदर्शक नाही, आणि सोसायटीच्या कर्जाचा एक रुपया नाही. सरकारी नोकरांची एल.टी.सी. तर भारताबाहेर चालतच नाही. मग जमले कसे, ते सांगतो.

बँकेत दोघांच्या नावाने रिकरिंग खाते काढले. माझ्या पगारातले १,५०० आणि तिच्या शिवणकामातले १,००० असे दरमहा २,५०० रुपये. १८ महिन्यांत ४५,००० रुपये आणि वर व्याज. खात्यात तिचा पैसा आहे म्हटल्यावर सहल कुठे न्यायची हे ठरवतानाही तिचे मत आले. हा पहिला फायदा, घराबाहेर पाऊल टाकण्याआधीचा.

पहिली सहल नेपाळचीच करावी. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालते. आमच्या वयाच्या माणसाला आधार कार्डावर मात्र भागत नाही, हे लक्षात ठेवा. मुंबईहून गोरखपूरला आगगाडी जाते, सुमारे दीड दिवस लागतो. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. गोरखपूरहून बसने सुनौली आणि तिथे चक्क पायी चालत सीमा ओलांडायची. पलीकडे भैरहवा आणि तिथून सुमारे २२ किलोमीटरवर लुंबिनी. भारताच्या एका रुपयाला नेपाळचे १ रुपया ६० पैसे मिळतात, हा दर कायमचा बांधलेला आहे. आपल्या शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे.

नेपाळची गंमत अशी की तिथली लिपी देवनागरी. आयुष्यभर मुंबईत इंग्रजी पाट्यांपुढे थबकणारी माझी पत्नी तिथे पुढे चालत होती आणि पाट्या मोठ्याने वाचत होती. 'खाजा घर' म्हणजे फराळाचे दुकान हे तिनेच ओळखले. बसच्या भाड्याची घासाघीसही तिनेच केली. लुंबिनीत मायादेवी मंदिर आणि सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. मधून कालवा जातो आणि दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या लोकांनी बांधलेले विहार आहेत. जागा असेल तर कोरियन विहारात प्रवाशाला साधी खोली आणि जेवण मिळते. ताट आपले आपण धुवायचे. घरी ताटाला हात न लावणारा नवरा तिथे नळाच्या रांगेत उभा राहतो, हा देखावा प्रत्येक बायकोने एकदा पाहावा!

आता दहा दिवसांचा हिशेब, दोघांचा मिळून. आगगाडी आणि बस १३,५००, राहणे ९,०००, जेवणखाण ७,०००, प्रवेशशुल्क आणि किरकोळ ४,०००. एकूण ३३,५०० रुपये. आज दर वाढले असतील, पण प्रमाण ध्यानात येईल. उरलेल्या पैशांतून दोघांचे पासपोर्ट काढले, प्रत्येकी १,५०० रुपये शुल्क.

पासपोर्टच्या बाबतीत भगिनींनी एक काळजी घ्यावी. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तो आधी निस्तरावा. विमानाच्या तिकिटावर पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच असावे आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेसाठी ई.टी.ए. नावाची परवानगी लागते. तिचे नियम व शुल्क बदलत असतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच पाहावे.

श्रीलंकेच्या सहलीत विमानाच्या तिकिटांनीच अर्धा खर्च खाल्ला, पण तिथे उतरल्यावर बस आणि आगगाडी स्वस्त आहे. कोलंबो फोर्ट स्टेशनावरून दुसऱ्या वर्गाने आम्ही अनुराधपूरला गेलो. पोटभर भात आणि चार-पाच भाज्या कुठेही मिळतात. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी प्रवेशशुल्क कमी असते, मात्र खिडकीवर पासपोर्ट पुढे करून ते मागावे लागते. मागितले नाही तर कोणी आपणहून देत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

अनुराधपूरला महाबोधी वृक्षाखाली पांढऱ्या कपड्यांतील बायाबापड्या बसल्या होत्या. त्यांची सिंहली आम्हाला कळत नव्हती. पण त्रिशरण सुरू झाले आणि माझी पत्नी हात जोडून त्यांच्याबरोबर म्हणू लागली. तीच पाली, तेच शब्द. शेजारच्या आजींनी तिच्यासाठी चटईवर जागा केली. पुढे तासभर दोघी हातवारे करून बोलत होत्या. काय बोलल्या ते मला अजून कळलेले नाही.

धोकेही सांगितले पाहिजेत. नेपाळच्या डोंगरातून रात्रीची बस घेऊ नये आणि पावसाळ्यात तर जाऊच नये. जुलै २०२४ मध्ये सिमलताल येथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. श्रीलंकेत नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळाने रस्ते आणि लोहमार्गांचे मोठे नुकसान केले, तेव्हा निघण्यापूर्वी मार्ग सुरू आहे का याची चौकशी करावी. पैसे दोघांनी वाटून ठेवावेत, कागदांच्या झेरॉक्स प्रती दोघांच्याही पिशवीत असाव्यात.

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बौद्ध परिषदेसाठी गेले, तेव्हा दोन्ही वेळी माईसाहेब सोबत होत्या. तो प्रवास कार्याचा होता, आपला विरंगुळ्याचा. पण देश पाहताना पत्नी सोबत असावी, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

कर्ज काढून सहल करू नका, आणि कर्ज नको म्हणून सहलच टाळूही नका. या महिन्याच्या पगाराला दोघे बसा, एका कोऱ्या पानावर दोघांची नावे लिहा आणि त्यापुढे झेपेल तेवढा आकडा टाका. ५०० असला तरी चालेल. आकडा मात्र दोघांचा हवा.