करपलेले दूध आणि पन्नास वर्षे

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी संसाराच्या पहिल्या वर्षाची एखादी फजिती वर्षानुवर्षे सांगितली जाते. कुणाची भाकरी तव्यावर टाकताना मोडलेली असते, तर कुणी आमटीत दोनदा मीठ घातलेले असते. कुणाच्या यजमानांनी मोठ्या हौसेने चहा केलेला असतो आणि साखरेच्या जागी मीठ पडलेले असते. घडले त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले होते; आज तीच गोष्ट सांगताना घर हसते. या फजित्यांकडे आज मला वैद्यकीय दृष्टीने पाहायचे आहे. त्यांचा आणि म्हातारपणातील स्मृतीचा संबंध आपण समजतो त्याहून अधिक जवळचा आहे.

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या पत्नीस घेऊन माझ्या दवाखान्यात आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. गुरुजींचे वय ऐंशीच्या घरात, आजी पंच्याहत्तरीच्या पुढे. आजींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते आणि त्यांवर टूथपेस्टचा थर दिलेला होता. मी जखम स्वच्छ करीत असताना गुरुजी हसत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिची जुनी खोड आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी हिनं दूध करपवलं आणि पातेलं गोवऱ्यांच्या ढिगात लपवून ठेवलं. सासूबाई यायच्या होत्या ना!"

ही 1968 च्या सुमाराची गोष्ट. गुरुजींची नेमणूक तेव्हा आंबेगावात होती. आज तालुक्याला त्या गावाचे नाव आहे, परंतु गाव मात्र डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. भाड्याची एक खोली, पावसाने ओली झालेली लाकडे, धुराने भरलेले डोळे आणि सतरा-अठरा वर्षांची नवी नवरी. लपवलेले पातेले गुरुजींना सापडले, त्यांनी ते राखेने घासून जागेवर ठेवले आणि आईला काही कळू दिले नाही. सांगताना ते आजही खुलतात.

मी विचारले, "आणि आता?" तेव्हा ते गप्प झाले. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "परवा पलंगाखाली तीन पातेली सापडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मुलगा फार बोलला तिला. म्हणाला, आई, एक दिवस घर पेटवशील."

वाचकहो, नव्या नवरीचे दूध करपते, कारण तिला ते काम अजून यायचे असते. पन्नास वर्षे रोज दूध तापवलेल्या हाताकडून ते वारंवार करपू लागले, तर आलेले काम हातातून निसटत असते. पहिल्यावर हसावे, दुसऱ्याची तपासणी करावी. आपल्याकडे नेमके उलट होते. नव्या सुनेला बोल लागतात आणि वृद्ध आईच्या चुकीला "वय झालं" म्हणून सोडून दिले जाते.

एखादे वेळी चष्मा सापडत नाही किंवा शेजाऱ्याचे नाव चटकन आठवत नाही, याला आजार म्हणत नाहीत. मात्र काही बदल सहा महिन्यांत पुनःपुन्हा दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. आयुष्यभर येत असलेल्या कामाचा क्रम चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, आणि झालेली चूक लपवणे. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत दुर्लक्षित राहते. पातेले लपवणाऱ्या व्यक्तीला आपले काहीतरी बिघडले आहे याची जाणीव असते आणि तिला भीतीही वाटत असते. त्या वेळी रागावले, तर ती पुढच्या वेळी अधिक चांगले लपवते.

विसराळूपणा दिसला की थेट असाध्य आजाराचा शिक्का मारू नये. त्यामागे उपचार होण्याजोगी कारणे असू शकतात. थायरॉईडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम कमी होणे, जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता, मोतीबिंदू, ऐकू कमी येणे आणि उदासीनता ही त्यांतील नेहमीची. आपल्या भागात माळकरी मंडळी पुष्कळ आहेत. शाकाहार आणि त्यात दूधदुभते कमी झाले की बी-12 घटते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर ते आणखी घटू शकते. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरच्या काही गोळ्या यांनीही वृद्धांचा मेंदू गुंगतो. घरात पडून डोक्याला मार लागला असेल, तर काही आठवड्यांनीही कवटीच्या आत रक्त साठून बुद्धी मंदावू शकते. म्हणून पडल्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. आणि गोंधळ एकदोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर ती तातडीची बाब समजावी. त्यामागे अनेकदा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असतो.

आजींचे बी-12 फारच कमी निघाले. शिवाय झोपेसाठी कुणीतरी सुचवलेली एक गोळी त्या दोन वर्षे घेत होत्या. ती टप्प्याटप्प्याने बंद केली, इंजेक्शने सुरू केली. दोन महिन्यांत त्यांची मरगळ कमी झाली, परंतु स्मृती पूर्ववत झाली नाही. पुढील तपासण्यांत विस्मृतीचा आजार असल्याचे स्पष्ट झाले. गुरुजींना ते सांगणे मला जड गेले. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता मी काय करायचं?"

या प्रश्नाचे एक उत्तर त्या करपलेल्या पातेल्यातच होते. अल्झायमरसारख्या आजारात आधी ताज्या आठवणी पुसट होतात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, मात्र तरुणपणातल्या गोष्टी बराच काळ टिकतात. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी पुष्कळ माणसांच्या मनात इतर काळापेक्षा दाटीने साठलेल्या असतात. लग्न, नवे घर, पहिले मूल हे सारे त्याच काळात येते, आणि जे प्रथमच घडते ते खोल रुजते. हातांना पडलेले वळण तर शब्दांपेक्षाही अधिक काळ टिकू शकते.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे दुबळेपणाचे चिन्ह नसून आयुष्याचा आढावा घेण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या मराठीत याचे उदाहरण त्याहून जुने आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालेल्या या बाईंनी संसारातील फजित्या, यजमानांचा लहरीपणा आणि स्वतःचे अज्ञान हे सारे उतारवयात हसत हसत लिहिले. त्यातील दुःख थोडे नव्हते, परंतु सांगता सांगता त्यांनी ते आपलेसे केले.

मी गुरुजींना म्हणालो, "रोज चहाच्या वेळी वीस मिनिटे आजींना आंबेगावच्या खोलीत घेऊन जा. परीक्षा मात्र घेऊ नका." हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. "मला ओळखलंस का? हा कोण सांग बरं?" असे प्रश्न आपण प्रेमाने विचारतो, परंतु उत्तर न आल्यास समोरची व्यक्ती खजील होते. त्याऐवजी आपणच सुरुवात करावी. "त्या खोलीत पाऊस किती गळायचा, नाही का?" मग जे येईल ते ऐकावे. साल चुकले, नाव चुकले, तरी दुरुस्त करू नये. जुने पितळी भांडे, लग्नातला फोटो, भाजलेल्या तिळांचा वास यांनी बोलणे सुरू होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी एक गोष्ट घडली. नातवाचे लग्न नुकतेच झाले आहे. नातसून पुण्याची, तिने जुन्नर-आंबेगावची मासवडी प्रथमच करायला घेतली. बेसन घट्ट शिजवले, ओल्या फडक्यावर थापले, तीळ-खोबऱ्याचे सारण भरले आणि गुंडाळताना सारी वडी मधोमध फाटली. ती रडवेली झाली. आजी दारात उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, फडक्याचे टोक धरले आणि म्हणाल्या, "पीठ गार झालं गं. गरम असतानाच थापायचं. माझी तर रश्श्यात विरघळली होती. ह्यांनी पिठलं समजून खाल्ली!" नंतर पुढची वडी त्यांनी स्वतः वळली. मीठ घातले की नाही हे त्यांना आठवत नव्हते, परंतु हात चुकला नाही. संध्याकाळी त्यांना हा प्रसंग आठवत नव्हता. गुरुजी सांगत होते, "पण दिवसभर चेहरा बरा होता."

एवढाच या उपायाचा पल्ला आहे, हे मी स्पष्ट सांगतो. आठवणी काढल्याने आजार बरा होत नाही. काहींचे मन हलके होते, बोलणे वाढते, चिडचिड कमी होते; काहींना फारसा उपयोग होत नाही. आणि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सर्वांचा संसार गोड नसतो. कुणी मार खाल्लेला असतो, कुणाचे पहिले मूल गेलेले असते. चेहरा उतरला, हात थरथरू लागले, तर तो विषय तिथेच सोडावा आणि हात हाती घेऊन बसावे. आजी अधूनमधून म्हणतात, "आंबेगावला घरी जाऊ." मुलगा आधी म्हणे, "ते गाव बुडालं, आई." दर वेळी त्यांना ते नव्याने कळे आणि त्या नव्याने रडत. आता तो विचारतो, "घराच्या दारात काय होतं गं?" आणि त्या सांगू लागतात.

स्वयंपाकघरातील धोका मात्र आठवणींनी टळत नाही. अशा घरात रात्री आणि घरी कुणी नसताना गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवावा. दुधासाठी शिट्टीचा दूध-कुकर वापरावा. आत पाणी आहे ना, हे दुसऱ्याने पाहावे. लोंबता पदर आणि नायलॉनची साडी शेगडीजवळ नको. त्यांना ओट्यापासून पूर्ण दूर करू नये. तीळ निवडणे, लसूण सोलणे, पीठ मळणे ही कामे त्यांचीच राहू द्यावीत. आणि भाजलेच, तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढून तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतील काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत.

शेवटी शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. गुरुजींचा रक्तदाब वाढला होता आणि त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. सांभाळणाऱ्याची झोप, औषधे आणि आठवड्यातून एक मोकळी दुपार हा उपचाराचाच भाग आहे. मन फार थकले तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. त्यात कमीपणा मानू नये.

1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळे. आजी बाळंतीण होत्या, तेव्हा गुरुजींनी आयुष्यात प्रथम भाकऱ्या थापल्या. एकही अखंड निघाली नाही. आजींनी तुकडे दुधात कुस्करून खाल्ले आणि शब्द काढला नाही. आता सकाळचे दूध गुरुजीच तापवतात. परवा मी त्यांच्या घरी बसलो असताना कुकरची शिट्टी वाजली. गुरुजी माझ्याशी बोलण्यात गुंग होते. आतून आजींचा आवाज आला, "अहो, दूध बघा. करपलं तर लपवू नका."

गुरुजी उठले आणि आत गेले. आपल्या घरीही आज चहाच्या वेळी पहिल्या वर्षाची एखादी फजिती विचारून पाहा. आणि पलंगाखाली एकदा डोकावायला विसरू नका.