थैलीतले कागद चावडीवर आणा



पोडावर मीटिंग भरते. पुढारी बोलतो, आपण माना डोलावतो. बाया मागं बसतात, त्यायले कोणी विचारत नाही. शेवटी रजिस्टर फिरतं, अंगठे लागतात, मंग सारे घरी. ठरावात काय लिहिलं, हे दुसऱ्या दिवशी कोणाले सांगता येत नाही.

पुढारी खोटा आहे असं आमचं म्हणणं नाही. तो पदरचं भाडं घालून पांढरकवड्याले जातो, साहेबासमोर उभा राहतो. पण सगळे कागद त्याच्या थैलीत अन् सगळा कायदा त्याच्या डोक्यात. तो बिमार पडला की गाव मुकं.

यात नुकसान आपलं आहे. उपविभागीय समितीनं दावा नामंजूर केला, तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायले ६० दिवस असतात. ते पत्र थैलीतच राहिलं, तर मुदत निघून जाते अन् वाहितीची जमीन धोक्यात येते. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांवर ठराव असेल, तर निम्मे दावेदारही पाहिजेत. घरोघरी फिरून घेतलेले अंगठे म्हणजे ग्रामसभा नव्हे.

चंद्रपूरच्या पलीकडे, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. देवाजी तोफा तिथले पुढारी. पण निर्णय एकट्या पुढाऱ्याचा नसतो. मतदानही होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलणं चालतं. अभ्यास गटात बाहेरचा माणूस माहिती देतो, निर्णय मात्र गाव घेतं. या गावाले २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले.

मंग पुढाऱ्यानं करावं काय? आधी ऐकावं, शेवटी बोलावं. म्हाताऱ्यांले कोलामीत, गोंडीत बोलू द्यावं. बायांले पुढं बसवून त्यायचं म्हणणं विचारावं. ठराव मोठ्यानं वाचावा, त्यानंतरच अंगठे घ्यावे. तालुक्याले जाताना दर वेळी एक नवा पोरगा अन् एक बाई सोबत न्यावी.

येत्या सभेत हे एक काम कराच. दाव्यांचे सगळे कागद चावडीवर मांडा, घराघराचा दावा कुठवर आला ते वाचा, अन् एक प्रत गावात ठेवा. पुढारी गावात नसला तरी त्या दिवशी सभा भरली पाहिजे.