पायरीवर बसायला लाज कसली?

गेल्या वर्षी फाल्गुनात आम्ही शाळेतले पाच मित्र लोहगडला गेलो होतो. आकुर्डीहून सकाळची लोकल धरली, मळवलीला उतरलो, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला आणि भाजे गावातून गायमुख खिंडीची वाट धरली. पळस पेटला होता, पांगारा आणि काटेसावर फुलली होती. दहावीत असताना याच वाटेने धावत गेलो होतो, त्याच्या आठवणी निघाल्या आणि पाचहीजण पुन्हा पंधरा वर्षांचे झाले. घोटाळा तिथेच झाला!

लोहगडवाडीपासून पायऱ्या सुरू होतात. गणेश दरवाजाच्या अलीकडे आमचा एक स्नेही मागे पडू लागला. छाती चोळत होता. विचारले तर म्हणाला, "काही नाही रे, सकाळच्या वड्यांचा गॅस." सगळे हसले. मी मात्र त्याला तिथेच पायरीवर बसवले. पाच-सात मिनिटांत छातीवरचा दाब ओसरला.

वाचकहो, चढताना येणारा आणि बसले की जाणारा दाब गॅसचा मानू नये. हृदयाला रक्त कमी पडते आहे, असेच समजावे. तो हातात, जबड्यात किंवा पाठीतही जाणवतो. मधुमेह असेल तर पुष्कळदा दुखतच नाही, नुसता दम लागतो नाहीतर घाम फुटतो. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला आला होता, म्हणून निर्धास्त राहू नये.

बसूनही दाब गेला नाही तर १०८ क्रमांक फिरवावा. पण रुग्णवाहिका पायथ्याशी येणार, दरवाजापर्यंत नाही. माणूस उचलून खाली आणण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून निर्णय खालच्या पायरीवरच घ्यावा. आम्ही तिथूनच परत फिरलो. एकजण कुरकुरला, "विंचूकडा राहिला की!" वाडीतून गाडी करून थेट रुग्णालय गाठले. दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या, अँजिओप्लास्टी झाली.

नंतर कळले ते असे. वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून त्याने रक्तदाबाची गोळी त्या दिवशी घेतलीच नव्हती. दुसऱ्या एकाने साखरेची गोळी घेतली, पण गाडी चुकेल म्हणून नाश्ता टाळला. चढावर साखर उतरून तोच घेरी येऊन पडायचा! बायकोपुढे माणूस दुखणे सांगतो, डॉक्टरपुढे थोडेफार सांगतो. जुन्या मित्रांपुढे मात्र ओठ शिवून घेतो. चूक माझीही होती. डबा कोणी काय आणायचा हे मी चौघांना विचारले होते, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारले नाही.

यावरून कोणी घरी बसावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. वर्षभरात मी इतका हसलो नव्हतो. मात्र आधी महिनाभर रोज चालावे, तपासणी करून घ्यावी, पाणी भरपूर न्यावे, ऊन चढण्याआधी वर पोहोचावे. आणि चाल ठरवावी ती सर्वांत सावकाश चालणाऱ्याची.

तो स्नेही आता रोज सकाळी आमच्या निगडीच्या दुर्गा टेकडीवर फिरायला येतो. यंदा डॉक्टरांना विचारून, दर दरवाजात बसत बसत, विंचूकड्यापर्यंत आला. बाकीच्या तिघांनी तपासणी अजून केलेली नाही. "पुढच्या आठवड्यात नक्की," असे ते गेले वर्षभर म्हणत आहेत.