आळशी, दमलेली की आजारी?



दिवाळीच्या सुटीनंतर आलेल्या टपालात एक छोटंसं पत्र निघालं. लिहिणारी दहावीत आहे. नाव-गाव सांगणार नाही, तिनंच तशी अट घातलीय. ती लिहिते, "ताई, मी पहाटे साडेचारला उठते. सहाचा क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रविवारी सराव परीक्षा. हल्ली पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, पण डोक्यात काही शिरत नाही. आई म्हणते, नाटकं करतेस. मी आळशी झालेय का?"

उत्तर आधीच देऊन टाकते. पहाटे साडेचारला उठणारी मुलगी आळशी नसते गं!

मग झालंय काय तिला? दोन शक्यता आहेत आणि वरवर पाहिलं तर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हींत माणूस गळून जातो, चिडतो, झोपेचं खोबरं होतं, अभ्यास नकोसा वाटतो. पण उपाय मात्र वेगवेगळे.

पहिलीला 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःचं काम आटोपून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जात. तिथं सेवाभावानं येणारी उत्साही माणसं काही महिन्यांतच थकायची, कडवट व्हायची. ते स्वतःही त्यातून गेले. 1974 साली त्यांनी यावर लेख लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या, बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण फार दिवस आवरता आला नाही की होणारी अवस्था, अशी ती नोंद. आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं नोकरी करतो? बरोबर आहे. पण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत राबणाऱ्या मुलांना तो शब्द का लागू नये? फिनलंडमधल्या संशोधकांनी तर शाळेच्या थकव्यासाठी 2009 साली वेगळी प्रश्नावलीच तयार केली.

दुसरी शक्यता म्हणजे नैराश्य, डिप्रेशन. हा आजार आहे, कावीळ किंवा दम्यासारखाच खराखुरा.

फरक ओळखायचा कसा? समजा, मे महिना आहे. परीक्षा संपली आणि तुम्ही कोकणात आजीकडे गेलात. दमलेलं मूल पहिले तीन-चार दिवस नुसतं झोपतं. पाचव्या दिवशी फणसाच्या गऱ्यांचा वास आला की उठून बसतं. आठवड्यानं मामेभावाशी कॅरमवरून भांडायला लागतं. शाळेचं नाव काढलं तर अजूनही तोंड वाकडं करतं, पण बाकीचं जग त्याला आवडायला लागलेलं असतं. नैराश्य आलेल्या मुलाबरोबर मात्र ते नैराश्यही एस.टी.त बसून आजीकडे येतं. आंबा समोर असतो, खावासा वाटत नाही. भावंडं हाका मारतात, हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. किंवा सारखं खेकसतं, कारण तुमच्या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीचा मुखवटा घालून येते. असं रोज, दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे किंवा जास्त चाललं, भूक-झोप बिघडली, 'मी कुणाच्या कामाचा नाही' असं वाटू लागलं, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका.

अर्थात ही कोकणची परीक्षा म्हणजे थर्मामीटर नव्हे. थकवा फार काळ चालला तर त्यातून नैराश्यही येऊ शकतं. आणि कधी कधी तिसरंच निघतं! हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी घरच्या डॉक्टरांकडे जावं.

तिथून समुपदेशकाकडे. 'म्हणजे मी वेडी आहे का?' हा प्रश्न पुढच्या पत्रात येणारच, म्हणून आत्ताच सांगते. तिथं बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, पाऊण-एक तास बसून बोलायचं असतं. थकवा असेल तर आधी वेळापत्रकच टेबलावर येतं. कुठला क्लास सोडता येईल, झोप किती हवी, आई-बाबांशी हे कसं बोलायचं. नैराश्यात काम वेगळं. 'मी नापासच होणार' हा विचार खरा मानून न चालता तपासून बघायचा. पुरावा काय? मागच्या वेळी काय झालं होतं? अमेरिकेतल्या डॉ. आरन बेक यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत बसवली. शिवाय मन नाही म्हणत असलं तरी रोज एक छोटं काम करायचं. दहा मिनिटं चालणं, मैत्रिणीला फोन. आधी उत्साह, मग काम असं नाही, इथं काम आधी. औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. तुम्ही सांगितलेलं समुपदेशक सहसा इतरांना सांगत नाहीत. जिवाला धोका वाटला तर मात्र आई-बाबांना कळवतात.

आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचता, ठाऊक आहे मला. 'नाटकं करतेस' म्हणण्याआधी एकच विचारा, "तुला अजून काय काय आवडतं गं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे फार कठीण जातं, मलाही जातं. खर्चाची काळजी असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. 2022 च्या ऑक्टोबरात सरकारनं 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवाही सुरू केली. क्रमांक 14416, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं मनात येत असेल, तर पत्राची वाट पाहू नका. घरातल्या मोठ्या माणसाला लगेच उठवा आणि हा क्रमांक लावा.

आता पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला. तू वेळापत्रक लिहिलंस, पण दिवाळीत काय केलंस ते लिहिलंच नाहीस. किल्ला केलास? रांगोळी काढावीशी वाटली? चकली खाल्लीस की तशीच ठेवलीस? हीच चिठ्ठी घेऊन आईबरोबर डॉक्टरांकडे जा आणि ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुमची,
ताई