जुना वस्तरा, नवा हात

नव्याने वस्तरा हाती घेणाऱ्याने स्वस्त नव्या पात्यापेक्षा शेफील्ड किंवा झोलिंगेनचा जुना वस्तरा शोधावा, असे माझे ठाम मत आहे. १९०३मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला येईपर्यंत रोजची दाढी अशाच पात्यांवर होत असे; पोलादाला पाणी देण्यात हयगय करणे कारागिराला परवडत नव्हते. आजच्या कित्येक स्वस्त वस्तऱ्यांत नेमकी तिथेच कसर राहते आणि धार टिकत नाही. गंजाची शंका रास्त आहे, पण वरवरचा डाग घासून जातो. धारेला खड्डा किंवा चीर असेल तर मात्र पाते नाकारावे. पाठही तपासावी. पाजवताना पाठ आणि धार एकदम दगडावर टेकतात, त्यातून कोन साधतो. पाठ वाकडी झिजली असेल तर तो बिघडतो. संसर्गाची भीती म्हणाल, तर सलूनमध्ये धोका एकच वस्तरा अनेक चेहऱ्यांवर फिरण्याचा होता. इथे पाते आधी नीट निर्जंतुक करावे, मग ते एकाच्याच चेहऱ्यासाठी ठेवावे. सुरुवात फक्त गालांपासून करावी: कातडी ताणलेली, कोन सुमारे ३० अंश, दाब जवळजवळ नाहीच. हनुवटी आणि वरचा ओठ हात बसल्यावर.